डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर आणि सरकणारा बाण: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

"सर, बाण पुन्हा भलतीकडंच पळायलाय." लातूर, परभणी, बीड या पट्ट्यातून मला येणारे फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतात. घरात कुणाला तरी मोटर न्यूरॉन डिसीज असतो, बहुतेक वेळा त्यातला एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार. किंवा ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या बुंध्याचा, स्ट्रोक झालेला असतो, किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असतं. हात गेले, जीभ गेली, पण डोळे फिरतात. म्हणून स्क्रीनच्या खालच्या कडेला नजर टिपणारी पट्टी लावलेली असते. नजर जाईल तिकडे बाण जातो आणि ठरलेला वेळ नजर रोखली की क्लिक होतं. काही दिवस छान चालतं. मग 'पाणी' लिहायला गेलं की भलतंच अक्षर उमटायला लागतं. घरचे कॅलिब्रेशन करतात, म्हणजे स्क्रीनवरच्या ठरावीक बिंदूंकडे बघायला लावून यंत्राला त्या डोळ्यांची ओळख पुन्हा करून देतात. तासभर बरं वाटतं, आणि पुन्हा तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅलिब्रेशनला हात शेवटी लावायचा. कॅलिब्रेशन म्हणजे त्या क्षणी जे काही आहे ते खरं धरून चालणं. मान कलंडलेली, चष्म्यावर खिडकीची चमक, स्टँड बोटभर सरकलेला, अशा अवस्थेत केलं तर तो सगळा घोळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या डोळ्यांच्या साठवलेल्या नोंदीत, पक्का होतो. थोड्या वेळाने ऊन सरकतं, माणूस कुशीवर होतो, आणि बाण आणखी लांब जातो. मग अजून एक कॅलिब्रेशन. त्यात रुग्णाचे डोळे थकतात ते वेगळंच.

दुरुस्तीला बसण्याआधी एक काम करा. अक्षरफलक काढा. पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं आणि 'हो', 'नाही', 'दुखतंय', 'श्वास', 'कूस बदला' असे शब्द. यंत्र बंद असतं तेवढा वेळ त्या माणसाचं तोंडच बंद असतं, हे आपण गडबडीत विसरतो. शिवाय चूक कुठे आहे हे त्यालाच सगळ्यात नीट ठाऊक असतं. "बाण वर जातो का? खाली? सगळीकडे की कोपऱ्यातच?" असं एकेक विचारा. 'हो'साठी डोळे वर, 'नाही'साठी मिटून, अशी खूण ठरलेली असते. पाच मिनिटांत निम्मं निदान होतं.

आधी लक्षण ओळखा

स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध अशा पाच टिकल्या लावा, साध्या मखमली, चमकीच्या नकोत. नजरेचा ठिपका दिसेल अशी सेटिंग चालू करा आणि रुग्णाला एकेका टिकलीकडे बघायला सांगा. ठिपका कुठे पडतो ते कागदावर मांडा.

पाचही ठिकाणी एकाच दिशेला, जवळपास तेवढाच सरकलेला असेल तर पट्टी किंवा स्क्रीन हलली आहे, नाहीतर प्रोफाइल दुसऱ्याचं आहे. मध्ये बरोबर आणि कडेला चूक असेल तर अंतर, चष्मा किंवा कॅलिब्रेशन. फक्त खालच्या ओळीत चूक असेल तर पापणी बघा, कारण खाली बघताना वरची पापणी उतरते आणि बाहुली झाकते. ठिपका जागेवर असूनही थरथरत, उड्या मारत असेल तर प्रकाश, चमक किंवा कोरडे डोळे. मधूनच गायब होत असेल तर एकतर डोळे पट्टीच्या टप्प्याबाहेर गेलेत, नाहीतर वायर आणि वीज. आणि ठरावीक वेळीच बिघडत असेल, तर सरळ प्रकाशाच्या मुद्द्यावर जा.

किती चूक म्हणजे बिघाड, हेही समजून घ्या. चांगल्या परिस्थितीत या पट्ट्यांची चूक साधारण अर्धा ते 1 अंश असते. 60 सेंमी अंतरावर 1 अंश म्हणजे स्क्रीनवर जवळपास 1 सेंमी. आता 15.6 इंची लॅपटॉप घ्या. त्याची स्क्रीन साधारण 19 सेंमी उंच. खालच्या अर्ध्या भागात 5 ओळींचा मराठी कीबोर्ड बसवला तर एक कळ 2 सेंमी उंचही होत नाही. कळेच्या मध्यापासून कडेपर्यंत 1 सेंमीच्या आत. म्हणजे यंत्र ठणठणीत असतानाही अक्षर चुकू शकतं. इंग्रजीची 26 अक्षरं. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, मात्रा, अनुस्वार मिळून दुपटीहून जास्त कळा लागतात. सगळ्या एकाच पानावर कोंबलेला कीबोर्ड मला पटत नाही. क-वर्ग, च-वर्ग असे गट करून दोन टप्प्यांत अक्षर निवडायचं, कळा मोठ्या ठेवायच्या. कित्येक घरांतली तक्रार एवढ्यावरच मिटते.

प्रोफाइल कुणाचं आहे?

बिनखर्चाची आणि बऱ्याचदा सापडणारी गोष्ट. पुण्याहून भाचा येतो, "बघू तरी मामांचं मशीन" म्हणून स्वतःच्या डोळ्यांवर कॅलिब्रेशन करतो आणि ते मामांच्याच प्रोफाइलवर सेव्ह होतं. प्रत्येकाचा डोळा वेगळा. दृष्टिपटलावरचा सर्वांत स्पष्ट दिसणारा बिंदू डोळ्याच्या सरळ अक्षावर नसतो, साधारण 5 अंश बाजूला असतो, आणि हा फरक माणसागणिक बदलतो. तो शिकून घेण्यासाठीच तर कॅलिब्रेशन. रुग्णाच्या प्रोफाइलला त्यांचं नाव द्या, 'पाहुणे' नावाचं दुसरं बनवून ठेवा, आणि कौतुकाने बघायला येणाऱ्यांना तेच उघडून द्या.

पट्टी पुसा

उन्हाळ्यात फुफाटा कुठे बसत नाही? पट्टीच्या काचेवर धुळीचा थर, बोटांचे ठसे, कधी पेजेचा शिंतोडा. चष्म्याच्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. फवारा थेट पट्टीवर मारू नका. नव्या पट्टीवरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म "खराब होऊ नये म्हणून" तशीच ठेवलेलीही मी बघितली आहे. ती काढा.

प्रकाश

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण आपल्या भागात अर्ध्याहून जास्त भानगडी इथेच असतात असा माझा अनुभव आहे.

पट्टीत इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांचा प्रकाश आपल्याला जवळपास दिसत नाही, अंधारात फार तर मंद लाल चमक दिसते. तो प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, म्हणजे कॉर्नियावर पडतो आणि तिथे बारीक चकाकता ठिपका उमटतो. पट्टीतला कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि हा ठिपका, दोघांमधलं अंतर व दिशा मोजतो. नजर वळली की बाहुली सरकते, ठिपका जवळपास जागेवर राहतो, आणि त्यावरून नजरेची दिशा निघते. डोळ्यांच्या संशोधनातही हेच तत्त्व वापरतात. फरक एवढाच की तिथली यंत्रं सेकंदाला 1000 नोंदी घेतात, माणसाची हनुवटी टेकणीवर असते आणि खोलीतला प्रकाश ठरलेला असतो. आपल्याकडे खोलीला पश्चिमेची खिडकी, वर पत्रा, समोर अंगणाचं उघडं दार.

उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि खिडकीची साधी काच ते अडवत नाही. ते चेहऱ्यावर आलं की पट्टीचा स्वतःचा ठिपका त्यात बुडून जातो. म्हणून दुपारी चारनंतर बाण नाचतो आणि दिवेलागणीला आपोआप शहाणा होतो. घरच्यांना वाटतं मशीन तापलं. पडदा लावला तरी फरक पडेलच असं नाही, कारण डोळ्यांना गडद दिसणारं कापड इन्फ्रारेड आरपार सोडू शकतं. जाड वाकळ किंवा पुठ्ठा खिडकीला लावून बघा. बाण सुधारला तर कारण सापडलं. मग कायमचा उपाय म्हणजे पलंग फिरवणं: खिडकी रुग्णाच्या समोर नको, पाठीशीही नको, बाजूला हवी.

जुना पिवळा बल्बही इन्फ्रारेड ओततो, एलईडी ट्यूब जवळपास नाही. बदलायला फारसा खर्च नाही. थंडीत जवळ ठेवलेली कॉइलची शेगडीही तशीच. आणि रात्रीच बिघडत असेल तर खोलीतला सीसीटीव्ही बघा. रुग्णावर लक्ष ठेवायला लावलेला हा कॅमेरा अंधार पडला की स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो, थेट चेहऱ्यावर. त्याचा कोन बदला किंवा नाइट मोड बंद करून खोलीत मंद दिवा ठेवा.

एक बारीक गोष्ट, जी संशोधनाच्या खोल्यांत जपतात आणि घरी कुणी सांगत नाही. प्रकाश बदलला की बाहुली लहान-मोठी होते, आणि तसं होताना तिचा मध्यही किंचित सरकतो. यंत्राला वाटतं नजरच सरकली. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या एका दिव्यात कॅलिब्रेशन केलं आणि सकाळी लख्ख उजेडात वापरलं, तर थोडी चूक येणारच. जेवढ्या उजेडात वापरायचं तेवढ्याच उजेडात कॅलिब्रेशन.

बसणं आणि अंतर

सॉफ्टवेअरमध्ये दोन डोळे दोन ठिपक्यांसारखे दाखवणारी छोटी चौकट असते. ती उघडा. ठिपके चौकटीच्या मध्याजवळ आणि एका पातळीत हवेत. अंतर 60 ते 65 सेंमी, म्हणजे मोठ्या माणसाच्या खांद्यापासून मुठीपर्यंत साधारण जेवढं तेवढं.

नियम असा की माणसाला यंत्राप्रमाणे बसवायचं नाही, यंत्र माणसाप्रमाणे लावायचं. रुग्ण रेलून असेल तर स्क्रीनही पुढे झुकवून चेहऱ्याला समांतर करा. मान एका बाजूला कललेलीच राहत असेल तर स्क्रीनही तेवढीच कलती करा. वाकडं दिसतं, पण चालतं उत्तम. शय्याव्रण टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि प्रत्येक वेळी हे सगळं विस्कटतं. त्यासाठी पलंगाच्या पाठीचा कोन, स्टँडची उंची आणि चाकांची जागा रंगीत टेपने खुणा करून ठेवा, म्हणजे रात्रपाळीची मावशीही न विचारता पूर्ववत लावेल. बाजेवर हे जमत नाही. बाज मध्ये झोल खाते आणि डोकं रोज वेगळ्या उंचीवर येतं. मानेखाली एकाच मापाची उशी ठेवा.

बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क असेल तर बघा, खालून बघणाऱ्या पट्टीला मास्कचं प्लॅस्टिक आडवं येतं आणि चमकतंही. स्क्रीन थोडी वर-खाली करून बघा. मास्कचा पट्टा मात्र स्वतःहून सैल करू नका.

चष्मा, काजळ, डोळे

चष्मा पुसा. चौकटीत ठिपके उड्या मारत असतील तर चष्म्याच्या काचेवर दुसरी चमक तयार होत असते. स्क्रीन किंचित वर-खाली झुकवली की ती बाहुलीवरून बाजूला जाते. दोन नंबरांचा चष्मा, मग मधल्या रेषेचा असो वा बिनरेषेचा, या कामाला वाईट. वरच्या आणि खालच्या भागातून डोळा वेगळा दिसतो. डॉक्टरांकडून स्क्रीनच्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या.

काजळ काढा. कॅमेरा गडद गोल शोधत असतो. पापणीच्या कडेची काळी रेघ त्याला बाहुलीचाच भाग वाटते. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आजी काजळ घालतेच. तिचा मान राखून तीट गालावर किंवा कानामागे लावायला सांगा. चमकी असलेली टिकलीही उतरवा.

कूलरचा झोत तोंडावर असेल तर फिरवा. एएलएसमध्ये पापण्यांची उघडझाप मंदावू शकते, त्यात मे महिन्याची कोरडी हवा आणि वर झोत. अश्रूंचा थर फाटला की कॉर्नियावरचा तो ठिपका पसरतो आणि बाण थरथरतो. डोळ्यांत थेंब कोणते घालायचे हे डॉक्टरांनाच विचारा.

औषधं आठवून बघा. लाळ कमी करायला कधी कधी अॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली देतात. तोच हात रुग्णाच्या डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन तशीच राहते. नेत्रतपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर त्या दिवशी कॅलिब्रेशनच्या नादी लागू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर जुनं प्रोफाइल बाजूला ठेवून नवं करावं लागतं. एक डोळा तिरळा असेल किंवा पापणी खूप उतरली असेल तर सेटिंगमध्ये फक्त चांगला डोळा निवडा. दोन्ही डोळ्यांची सरासरी काढण्यापेक्षा एका चांगल्या डोळ्यावर भागतं.

स्टँड आणि स्क्रीन

स्टँडचे स्क्रू हाताने घट्ट करा. पट्टी चिकटवलेली असेल तर हलते का बघा. उन्हाळ्यात डिंक मऊ पडून पट्टी तिरकी होते. पट्टी स्क्रीनच्या नेमक्या कोणत्या जागी आहे हे सॉफ्टवेअरला एकदा सांगावं लागतं. स्क्रीनवरच्या रेघा पट्टीवरच्या खुणांशी जुळवायच्या असतात. ती पायरी सुटली, किंवा मधेच टीव्ही दुसरी स्क्रीन म्हणून जोडला, की सगळीकडे सारखा सरकलेला बाण मिळतो.

वायर आणि वीज

मधूनच गायब होणाऱ्यांसाठी. पट्टी लॅपटॉपच्या पोर्टला थेट जोडा, हब किंवा जोडवायर मध्ये नको. दुसरं पोर्ट वापरून बघा. पॉवर सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, ते वीज वाचवायला पोर्ट झोपवतं. लॅपटॉप बॅटरीवर आला की बिघडतो का तेही बघा. लाईट जाऊन आल्यावरच अडत असेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, पट्टी काढून, पुन्हा जोडा. विंडोज अपडेटनंतर सुरू झालं असेल तर पट्टीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून पुन्हा टाका.

आता कॅलिब्रेशन

सकाळी, रुग्ण ताजातवाना असताना. खोलीत एकच माणूस. "इकडं बगा, इकडं बगा आबा" असं कुणी बाजूने म्हणालं की आबांचे डोळे साहजिकच बोलणाऱ्याकडे जातात आणि तो बिंदू चुकीचा नोंदला जातो. सूचना आधी द्या, मग गप्प बसा. थकणाऱ्या रुग्णाला 9 बिंदूंचा हट्ट नको, नीट बघितलेले 5 बिंदू चांगले. मुलांना ठिपक्याऐवजी चित्र द्या. शेवटी कोणता बिंदू बिघडला ते दिसतं, तेवढाच पुन्हा करा. दोनदा करूनही तोच बिंदू चुकत असेल तर थांबा आणि वरच्या यादीकडे परत जा.

कधी थांबायचं

अजूनही बिघाड असेल तर घरातल्या धडधाकट, बिनचष्म्याच्या माणसाला त्याच जागी बसवून 'पाहुणे' प्रोफाइलवर कॅलिब्रेट करा. त्याचाही बाण चुकला तर तंत्रज्ञाला बोलवा. त्याचा बरोबर चालला तर यंत्र निर्दोष आहे. मग थेरपिस्ट किंवा डॉक्टर. इथे गल्लत झाली की लोक चांगलं मशीन कुरिअरने पाठवतात आणि माणूस महिनाभर मुका राहतो.

पट्टीवर पाणी सांडलं, काच तडकली, जळका वास आला, लॅपटॉपची बॅटरी फुगली, तर बंद करा, वायर काढा. पट्टी उघडू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही उघडू देऊ नका. आतल्या कॅमेऱ्याची आणि दिव्यांची जागा केसभर हलली तरी ती पट्टी गेली.

डॉक्टरांकडे कधी? डोळा लाल होतोय, दुखतोय, झोपेत पापणी पूर्ण मिटत नाही: नेत्रतज्ज्ञ, एक-दोन दिवसांत, कारण उघड्या राहिलेल्या कॉर्नियाला जखम होऊ शकते. एक बाहुली अचानक मोठी झाली, पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसायला लागले: त्याच दिवशी इस्पितळ. जवळ अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय असो की संभाजीनगरची घाटी, थांबायचं नाही. आणि एएलएसच्या रुग्णाचा बाण सकाळी सकाळी गायब होतो, कारण त्यांचे डोळेच मिटतात, दिवसा पेंग येते, उठल्यावर डोकं दुखतं, तर कॉम्प्युटर विसरा. रात्री श्वास पुरेसा चालत नसल्याची ही लक्षणं असू शकतात. न्यूरॉलॉजिस्ट किंवा छातीच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी या गोष्टी तयार ठेवा: डोळे दाखवणाऱ्या चौकटीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, रुग्ण आणि स्क्रीन बाजूने दिसेल असा फोटो, टिकल्यांवर ठिपका कुठे पडला तो कागद, बिघाडाची वेळ, आणि पट्टीच्या मागचा मॉडेल नंबर. एवढं व्हॉट्सअॅपवर आलं तर बऱ्याचदा कुणाला येण्याची गरजच पडत नाही.